नसा झोपत नाहीत

काही वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टेबलावर आडवा झालो तेव्हा भूलतज्ज्ञ म्हणाले, "चाचा, तुम्ही गाढ झोपाल. मग चीर द्यायच्या जागी बधिर करणारं एक इंजेक्शन देऊ."

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, झोपलेल्या माणसाला आणखी बधिर कशाला करायचं?"

"तुम्ही झोपता, तुमच्या नसा झोपत नाहीत."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण हे वाक्य मनातून जाईना, म्हणून घरी आल्यावर त्याचा माग काढत गेलो.

१८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्यापाशी पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानं वाचला. रोगी जागा ठेवून नेमकी जागा बधिर करता येते, हे तेव्हा जगाला कळलं. पुढं कोकेनहून सुरक्षित असं नोव्होकेन आलं.

अमेरिकेत क्लीव्हलंडचे सर्जन जॉर्ज क्राइल यांनी आणखी पुढचा विचार केला. ईथरनं माणूस झोपतो, पण सुरीचा घाव नसांमधून मेंदूपर्यंत पोचतच राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून झोपवलेल्या रोग्याचीही जागा ते चिरण्याआधी नोव्होकेननं बधिर करत. १९१३ साली त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. नंतर कित्येक दशकं हा विचार मागं पडला.

मी शाळेत असताना अब्बांचं पोटाचं ऑपरेशन झालं. रात्रभर ते टॉवेल दातांत धरून पडले होते. "ऑपरेशन म्हटलं की दुखणारच," एवढंच वॉर्डात कुणीतरी म्हणालं. आम्हालाही ते खरं वाटलं.

त्याच सुमारास, १९८३ साली, लंडनमध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजा झाल्यावर मज्जारज्जूच हळवा होतो. नंतर इजेची जागा बधिर केली, तरी तो हळवेपणा लगेच ओसरत नाही. मग इजेच्या आधीच नसांची वाट का अडवू नये? १९८८ साली पॅट्रिक वॉल यांनी हा विचार ठामपणे मांडला आणि क्राइल पुन्हा आठवले.

पुढची गोष्ट इतकी सरळ नाही. २००२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. इंजेक्शन चिरण्याआधी दिलं काय आणि नंतर दिलं काय, बहुतेक वेळा फारसा फरक दिसला नाही. वेळेचा वाद अजून मिटलेला नाही. मात्र जागा बधिर केल्यानं ऑपरेशननंतरचे पहिले काही तास सुसह्य होतात, आणि बाकीच्या वेदनाशामकांचं प्रमाण अनेकदा कमी लागतं, हे डॉक्टर मानतात.

त्या संध्याकाळी मी चहा मागून घेतला आणि प्यालो. अब्बांचा टॉवेल आठवला. आपल्या घरातलं कुणी ऑपरेशनला जाणार असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारा, "शुद्धीवर आल्यावर दुखू नये म्हणून काय करणार आहात?" हे विचारण्यात कसलाही भित्रेपणा नाही.