वाद की चाचणी?

१८६० साली ऑक्सफर्डमध्ये उत्क्रांतिवादावरून हक्सले आणि बिशप विल्बरफोर्स यांची जाहीर खडाजंगी झाली. लोकांच्या स्मरणात उरले ते टोले. पुरावे मागे पडले. मग वैज्ञानिकांनी गप्प बसावे काय?

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाला विद्यापीठांचे दार उघडले, तेव्हा हाच प्रश्न आपल्यापुढे आला. जयंत नारळीकरांनी निराळी वाट दाखविली. २००८ साली नरेंद्र दाभोलकर प्रभृतींसह त्यांनी ज्योतिष्यांना आवाहन केले : हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या वेगळ्या ओळखून दाखवा. प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या. २७ जणांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणेफेकीच्या आसपासच.

निकष आधी ठरत नाहीत तोवर वाद हा निव्वळ फड असतो. विज्ञानाने तेथे उतरू नये. प्रतिपक्षाला चाचणीस मात्र अवश्य बोलवावे.