माल्ट भरडण्याचे जाते : इंग्लंडमधील घरगुती बिअरच्या इतिहासातील एक प्रकरण

घरच्या घरी बिअर तयार करू इच्छिणाऱ्या मनुष्यापुढे आज एक साधा प्रश्न उभा राहतो. माल्ट भरडण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे? दोन पोलादी रुळांची गिरणी उत्तम, परंतु महाग. मका दळण्याची ओतीव लोखंडाची हातगिरणी स्वस्त, परंतु तिचे काम ओबडधोबड. वरवर पाहता हा बाजारातील निवडीचा प्रश्न आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही दिसत नाही. तथापि इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत हाच प्रश्न राजाच्या न्यायालयात, रस्त्यावरील दंगलीत आणि गृहस्थाच्या जमाखर्चात पुनःपुन्हा डोके वर काढताना आढळतो. त्याची संगती लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. माल्टला गिरणीकडून फार थोडे हवे असते, आणि म्हणूनच सक्तीच्या गिरणीचा हक्क माल्टच्या बाबतीत सर्वांत लंगडा होता, हे त्यातील मुख्य प्रतिपादन होय.

प्रथम माल्ट म्हणजे काय आणि ते भरडावयाचे कसे, हे पाहिले पाहिजे. सातू भिजवून, त्यांस मोड आणून, ते मोड फार वाढण्यापूर्वी दाणे उष्णतेने वाळविले की माल्ट तयार होते. मोड येताना दाण्यात जी पाचकद्रव्ये निर्माण होतात ती, दाणा फोडून सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला असता, पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. दाणा अखंड राहिला तर पाणी आत पोहोचत नाही आणि माल वाया जातो. उलट दाण्याचे बारीक पीठ केले तर त्याची खळ होते, गुठळ्या बनतात आणि रस खाली निथळत नाही. दाण्यावरची साले शक्य तो अखंड राहणे इष्ट असते, कारण तीच भांड्याच्या तळाशी गाळणीचे काम करतात. फार चुरली तर पेयास तुरटपणा येतो. म्हणजे दाणा फुटावा, पण साल फाटू नये, एवढीच अपेक्षा असते. मराठीत या क्रियेला नेमका शब्द आहे. आपण भाकरीसाठी ज्वारी दळतो, पण डाळीसाठी हरभरा भरडतो. एकाच जात्यावर होणाऱ्या या दोन क्रिया कोणतीही गृहिणी एक मानणार नाही. माल्ट हे दळावयाचे धान्य नसून भरडावयाचे धान्य आहे. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

या वस्तूंच्या नावांकडेही थोडे लक्ष दिले पाहिजे. हातजात्याला इंग्रजीत ‘क्वर्न’ म्हणतात. हा शब्द त्या भाषेत मूळचा आहे. गॉथिक ‘क्वैर्नुस’, लिथुएनियन ‘गिर्नोस’ आणि रशियन ‘झेर्नव’ हे त्याचे भाऊबंद. संस्कृतातील ‘ग्रावन्’ हाही त्याच कुळातला. मात्र वेदात तो सोम कुटण्याच्या दगडास लावलेला असून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९४ वे सूक्त या दगडांनाच उद्देशून आहे. सोम आणि बिअर यांचा त्यावरून संबंध जोडणे अर्थातच चुकीचे ठरेल. शब्दसाम्यावरून एवढेच म्हणता येते की हाताने चालवावयाच्या दगडाचे हे नाव फार जुने आहे. याउलट ‘मिल’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील ‘मोलिना’वरून उसना आलेला, आणि गिरणीवर द्यावयाच्या दळणावळीचे ‘मल्चर’ हे नावही लॅटिनमधून फ्रेंचद्वारा आलेले आहे. ‘माल्ट’ मात्र पुन्हा देशी. मऊ होणे या अर्थाच्या ज्या धातूवरून तो आला त्याचाच संबंध संस्कृत ‘मृदु’शी लावतात. घरातील दगड आणि घरातील धान्य यांची नावे देशी, तर गिरणी आणि तिचा कर यांची नावे परकी, ही विभागणी इतिहासाचा पुरावा म्हणून पुरेशी नाही. परंतु कोणती वस्तू कोणाची होती याची ती सूचक खूण आहे.

इ. स. १०८६ च्या ‘डोम्सडे’ पाहणीत इंग्लंडमधील सुमारे सहा हजार गिरण्यांची नोंद सापडते. पाणचक्की बांधण्यास बंधारा, पाट, चाक आणि मोठे दगड लागत. हा खर्च करणारा सरंजामदार तो वसूल करण्यासाठी आपल्या कुळांवर सक्ती करी की त्यांनी आपले धान्य त्याच्याच गिरणीवर आणावे आणि दळणावळ म्हणून त्यातील ठरावीक भाग तेथे ठेवावा. हा भाग कोठे सोळावा, कोठे विसावा, कोठे चोविसावा असे. पुष्कळ ठिकाणी या सक्तीत भाकरीच्या धान्याबरोबर माल्टही येत असे. ज्याच्या घरी जाते सापडेल त्यास दंड होई; प्रसंगी जातेही जप्त होई.

माल्टवरील ही सक्ती विशेष का बोचावी, हे त्या काळच्या पेयावरून उमगते. चौदाव्या शतकातील सामान्य इंग्रजांचे पेय म्हणजे ‘एल’. त्यात हॉप्स नसत. हॉप्स घातलेली, टिकाऊ अशी बिअर समुद्रापलीकडच्या सखल देशांतून पुढे इंग्लंडमध्ये रुळली. एल थोड्याच दिवसांत आंबट होई, म्हणून ती वारंवार आणि थोडीथोडी करावी लागे. जूडिथ बेनेट यांनी १३०० ते १६०० या कालखंडाचा जो अभ्यास १९९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यावरून हे काम प्रारंभी मुख्यतः स्त्रिया घरीच करीत आणि उरलेली एल शेजाऱ्यांस विकीत, हे स्पष्ट होते. अशा गृहिणीला लहानसे पोते घेऊन वरचेवर गिरणीवर जाणे, तेथे खोळंबणे आणि वर हिस्सा देणे भाग पडे. आणि तेही अशा कामासाठी, जे घरातल्या दोन दगडांवर पुरेसे चांगले होऊ शकत होते.

या संघर्षाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हर्टफर्डशायरमधील सेंट ऑल्बन्स येथील होय. हे गाव बेनेडिक्टाइन मठाच्या सत्तेखाली होते. १२७४ साली मठाधिपती रॉजर यांच्या कारकिर्दीत गावकऱ्यांनी घरी जाती बसविली आणि कापडही मठाच्या यंत्राऐवजी घरीच खुंदण्यास सुरुवात केली. गावातील स्त्रियांनी राणी एलेनॉर हिच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. तथापि राजाच्या न्यायालयात गावकरी हरले. दुसऱ्या एडवर्डच्या पदच्युतीच्या धामधुमीत, १३२७ साली, गावाने मठाकडून सवलती मिळविल्या आणि पुष्कळ घरांतून जाती पुन्हा फिरू लागली. त्याच वर्षी रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड मठाधिपती झाले. लोहाराचा हा पुत्र ज्योतिर्गणिताचा मोठा जाणकार होता आणि त्याने योजिलेले खगोलीय घड्याळ तंत्रज्ञानाच्या इतिहासात सुविख्यात आहे. परंतु दातेरी चक्रांच्या या मर्मज्ञाला गावकऱ्यांच्या घरातील साधे दगड खपले नाहीत. १३३१ मध्ये त्याने गावाला नमविले, जाती हस्तगत केली आणि त्यांचे दगड मठातील बैठकीच्या दालनात फरशी म्हणून बसविले. मठात ये-जा करणाऱ्यांच्या पायांखाली गावाचा पराभव असा कायमचा अंथरला गेला.

पन्नास वर्षांनंतर, १३८१ च्या शेतकरी उठावात, विल्यम ग्राइंडकॉब याच्या नेतृत्वाखाली गावकरी मठात शिरले. त्यांनी ती फरशी उखडली, दगडांचे तुकडे केले आणि रविवारी चर्चमध्ये मंत्रून वाटल्या जाणाऱ्या पावाप्रमाणे ते आपसांत वाटून घेतले. ही हकीकत टॉमस वॉल्सिंगहॅम याने लिहून ठेवली आहे. तो त्याच मठातील भिक्षू असून बंडखोरांविषयी त्यास लवमात्र सहानुभूती नव्हती. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. उठाव मोडला, मिळालेली सनद रद्द झाली आणि ग्राइंडकॉब त्याच वर्षी फासावर गेला. वाटून घेतलेल्या तुकड्यांनी कोणासही धान्य भरडता येणार नव्हते, हे गावकऱ्यांना ठाऊकच होते. त्यांनी परत नेले ते अवजार नव्हते. आपल्या आजोबांपासून हिरावून घेतलेल्या हक्काचा तो पुरावा होता.

मार्क ब्लॉक यांनी १९३५ साली पाणचक्कीवरील आपल्या निबंधात हा प्रसंग चर्चेस घेतला आणि पाणचक्कीचा प्रसार केवळ यंत्राच्या श्रेष्ठतेमुळे झाला नसून त्यामागे सत्तेचा रेटाही होता, हे दाखवून दिले. त्यांच्या या विवेचनास दळणे आणि भरडणे या भेदाची जोड द्यावी असे आम्हांस वाटते. भाकरीच्या पिठाबाबत पाणचक्की खरोखरच सरस होती. तिने वाचविलेले श्रम पाहता दळणावळ हा काही अंशी सेवेचा मोबदला होता, असे म्हणण्यास जागा आहे. माल्टच्या बाबतीत मात्र हे समर्थन टिकत नाही. तेथे बारीक पीठ नकोच असते. वरचा दगड किंचित उचलून धरला की साधे जाते ते काम करते. यंत्राचे श्रेष्ठत्व जेथे निरुपयोगी ठरते, तेथे दळणावळीचे कर हे रूप उघडे पडते. सेंट ऑल्बन्सच्या जात्यांवर केवळ माल्टच भरडले जाई, असा याचा अर्थ नाही; त्यांवर भाकरीचे धान्यही पडतच असे. परंतु जाते बाळगण्याचा आग्रह इतका चिवट का राहिला, याचे एक कारण येथे मिळते.

या प्रतिपादनाची दुसरी बाजू इसेक्समधील रॅडविंटरचे धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन यांच्या इंग्लंडवर्णनात दिसते. हा ग्रंथ १५७७ साली प्रथम निघाला आणि १५८७ मध्ये वाढविण्यात आला. हॅरिसन यांची पत्नी आपल्या दासींच्या साहाय्याने महिन्यातून एकदा बिअर करी. आठ बुशेल माल्ट घरच्या जात्यावर भरडले जाई, आणि त्यामुळे दळणावळ वाचते, हे सांगण्यास ते विसरत नाहीत. त्यात अर्धा बुशेल गव्हाचे पीठ आणि तितकेच बारीक दळलेले ओट मिसळले जात; ते माल्टमध्ये नीट एकजीव केले नाही तर गुठळ्या होऊन वाया जाते, हेही ते नोंदवितात. पीठ आणि भरडा यांतील फरकाची ही जाणकार साक्ष होय. त्यांचा हिशेब असा : माल्ट १० शिलिंग, लाकूड ४ शिलिंग, हॉप्स २० पेन्स, मसाला २ पेन्स, नोकरांचा मोबदला २ शिलिंग ६ पेन्स आणि भांड्यांची झीज २० पेन्स. एकूण २० शिलिंगांत २०० गॅलन, म्हणजे सुमारे ९०० लिटर बिअर.

या यादीत दळणावळीचे कलम नाही. वर दिलेले दर लावून पाहिले, तर सोळाव्या भागाने साडेसात पेन्स आणि चोविसाव्या भागाने पाच पेन्स दर खेपेस वाचत होते. वर्षाकाठी पाच ते साडेसात शिलिंग. चाळीस पौंड वार्षिक प्राप्ती सांगणाऱ्या गृहस्थास ही रक्कम मोठी नव्हती, पण नोंद घेण्याजोगी होती. मात्र आठ बुशेल माल्ट, म्हणजे सुमारे २९० लिटर मापाचे धान्य, जात्यावर ओढले ते कोणी? घरातील दासींनी. त्यांचे श्रम अडीच शिलिंगांच्या एका कलमात गडप झाले आहेत. दळणावळ वाचली ती घरधन्याची; हात दुखले ते मोलकरणींचे. जात्याचे स्वातंत्र्य हे घरातील स्त्रीश्रमांवर उभे होते, ही गोष्ट सेंट ऑल्बन्सच्या गौरवगाथेतही विसरता कामा नये.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. कराचा रोख हळूहळू जात्यावरून मालाकडे वळला. १६९७ साली इंग्लंडमध्ये माल्टवर कर बसला. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी तो उठवून बिअरवर कर बसविला, आणि त्याच कायद्याने घरगुती बिअर करणाऱ्यास परवाना घेणे आवश्यक झाले. ही अट १९६३ साली रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. अमेरिकेत मर्यादित प्रमाणात घरी बिअर करण्यास करमुक्ती देणाऱ्या विधेयकावर अध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. त्यानंतर तेथील हौशी मंडळींनी स्वस्त साधन म्हणून पत्करली ती कोलंबियातील ‘कोरोना’ हातगिरणी. ही मुळात मका दळण्यासाठी बनविलेली असून तिच्यात दोन खाचदार तबकड्या एकमेकींवर घासतात. म्हणजे तत्त्वतः ते उभे केलेले जातेच. तबकड्यांमधील अंतर वाढवून तिच्याकडून भरडण्याचे काम करून घेतात. रुळांच्या गिरणीत सुमारे एक मिलिमीटरच्या फटीतून दाणा चेपला जाऊन साल अधिक अखंड राहते, हे खरे. पण लहान प्रमाणावरील कामास स्वस्त हातगिरणीही पुरी पडते.

तेव्हा माल्टसाठी कोणते जाते घ्यावे या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर शतकानुशतके फारसे बदललेले नाही : फट नीट बसविता येईल असे कोणतेही साधे जाते चालते. बदलले ते एवढेच, की हे उत्तर स्वतःच्या घरात अमलात आणण्यासाठी आता कोणाची अनुज्ञा लागत नाही. अवजाराच्या किमतीत त्याच्या मालकीचा प्रश्न नेहमीच दडलेला असतो. आणि ते फिरवणारा हात कोणाचा, हे विचारल्याखेरीज त्याचा हिशेब पुरा होत नाही.