हाडांचे पाणी आणि घरचे पातेले

घरात कोणी दुखण्यातून उठले, की चुलीवर एक उभट पातेले चढते. कोल्हापूरकडे त्यातून मटणाचे अळणी पाणी निघते, हैदराबादेत यखनी निघते, तर गोव्याच्या ख्रिस्ती घरांत कोंबडीच्या रसात तांदूळ शिजवून कांजा होते. नावे निराळी असली तरी त्यामागील श्रद्धा एकच आहे: हाडामांसातले बळ पाण्यात उतरते आणि त्या पाण्यावाटे आजाऱ्याच्या अंगात जाते. ही श्रद्धा केवळ आजीबाईंची नव्हे. युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांनीही ती बाळगली होती, आणि तिची खरी परीक्षा होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्या परीक्षेचा इतिहास ठाऊक असला, म्हणजे पातेले कोणते घ्यावे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, हे ठरविणे सोपे जाते.

इ. स. १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक भांडे मांडले. जाड धातूचे, झाकण घट्ट आवळलेले आणि वाफ बेताबाहेर वाढली तर तिला वाट देणारी वजनाची झडप असलेले. १६८१ मध्ये त्याने या भांड्यावर पुस्तकच लिहिले आणि त्याच्या नावातच हाडे मऊ करण्याचे यंत्र असे त्याचे वर्णन केले. पुढल्या वर्षी एप्रिल महिन्यात सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजविलेले जेवण देण्यात आले. जॉन ईव्हलिन हा त्या पंक्तीला होता. कठीण हाडे पनीरासारखी मऊ झाली होती आणि त्यासाठी आठ औंसही कोळसा लागला नव्हता, अशी नोंद त्याने आपल्या रोजनिशीत करून ठेवली. पापँ प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्या पंथाचे संरक्षण काढून घेतल्यावर त्याला मायदेशी परतता आले नाही. त्याचे अखेरचे दिवस लंडनमध्ये हलाखीत गेले. आज घरोघरी शिट्टी देणारा प्रेशर कुकर हा त्याच्याच भांड्याचा वंशज होय.

शंभर वर्षांनी म्युनिक शहरात काउंट रम्फर्ड याने भिकाऱ्यांची व्यवस्था हाती घेतली. १७९० मध्ये त्याने त्यांच्यासाठी कामाची आणि अन्नाची सोय केली. जव, वाटाणे, पुढे बटाटे, शिळा पाव, थोडा व्हिनेगर आणि मीठ, एवढ्यावर त्याचे सूप होत असे आणि ते मंद आचेवर तासन् तास शिजत असे. एवढ्या थोड्या अन्नावर माणसे तृप्त होतात याचे त्याला नवल वाटले, आणि शिजताना पाण्याचेच अन्न होत असावे, असा तर्क त्याने बांधला. हा तर्क चुकीचा होता. पोषण होत होते ते जव, वाटाणे आणि पाव यांमुळे. तथापि त्याची दुसरी शिकवण खरी ठरली: उघड्या जाळाने बहुतेक उष्णता वाया जाते, आणि उकळी जोराची केल्याने अन्न लवकर शिजत नाही, केवळ इंधन जळते.

हाडांच्या पाण्याची परीक्षा झाली ती पॅरिसमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे हाडांतून जिलेटिन काढून त्याचे सूप रुग्णांना आणि गरिबांना मांसाऐवजी देण्याची प्रथा पडली. ते स्वस्त पडत असल्यामुळे चालकांना पसंत होते. परंतु त्याच्याविषयी तक्रारी वाढू लागल्या. फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली आणि फ्रांस्वा माझांदी या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग केले. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगत गेली. १८४१ मध्ये समितीचा अहवाल आला: केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. त्याचे कारण पुढे उमगले. शरीराला बाहेरूनच मिळवावे लागणारे ट्रिप्टोफॅन हे द्रव्य जिलेटिनात नसते. ते १९०१ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. हाडांतला चुनाही साध्या पाण्यात फारसा उतरत नाही. म्हणजे हाड मोडलेल्या माणसाला पायांचे सूप अवश्य द्यावे, परंतु दूध, डाळ, मासे यांच्या जागी देऊ नये.

मग पातेल्याचे काम कोणते? चव काढणे, आणि जे टाकून द्यावयाचे त्यातून काही वाचविणे. या कामासाठी भांडे रुंदीपेक्षा उंच असावे, म्हणजे पाणी कमी आटते आणि हाडे बुडालेली राहतात. बूड जाड असावे, कान मजबूत असावेत, झाकण नीट बसावे. भरलेले पातेले दोन हातांनी उचलता येईल, त्याहून मोठे घेऊ नये.

धातूचा विचार निराळा. तांबे उष्णता उत्तम पसरविते, परंतु कल्हई उडाली की आंबट पदार्थ त्यात कळकतो; म्हणून पूर्वी कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधली आणि तो धातू स्वस्त झाला. मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास त्याची भांडी बनविण्यास आरंभ केला. हे भांडे हलके आणि लवकर तापणारे खरे, परंतु चिंच, कोकम किंवा टोमॅटो घालून त्यात तासन् तास शिजविणे बरे नव्हे. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली याने न गंजणारे पोलाद तयार केले. हे स्टील आंबटाला दाद देत नाही, परंतु उष्णता वाहण्यात तांब्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकेच असल्यामुळे पातळ बुडाचे पातेले चटकन करपते. यास्तव बुडाशी तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा जाड थर दिलेले स्टीलचे पातेले घरासाठी सर्वांत सोयीचे.

वापरण्याची रीत जुनीच आहे. हाडे थंड पाण्यात घालावीत, वर येणारा फेस काढावा आणि मग आच अगदी मंद करावी. जुन्या चुलीला बाजूला वैल असे. त्यावर पातेले नुसते हलके बुडबुडत राही. जोराची उकळी आली तर चरबी पाण्यात फुटते आणि रस गढूळ होतो. मीठ शेवटी घालावे, कारण रस आटला की खारटपणा वाढतो. गाळलेला रस रात्रभर कोमट राहू देऊ नये. काही जंतूंची बीजे उकळीतही मरत नाहीत आणि कोमट रसात ती वाढतात. तो पसरट भांड्यात ओतून लवकर थंड करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि वापरताना पुन्हा चांगला उकळावा.

गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात एक उपचार नोंदविला आहे: येथील लोक रुग्णाला मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी देतात आणि त्याला कांजी म्हणतात. तो शब्द पुढे पोर्तुगालात गेला. तेथे आजही कोंबडीच्या रसात तांदूळ घालून केलेल्या पदार्थाला कांजा म्हणतात. त्या वाडग्यात रसाबरोबर धान्य असते आणि कोंबडीचे मांसही असते. पॅरिसच्या रुग्णांना नुसता हाडांचा रस मिळाला, हे अन्न मिळाले नाही. घरच्या आजाऱ्यासाठी पातेले चढविताना त्यात मूठभर तांदूळ आणि मूठभर मुगाची डाळ टाकावयास विसरू नये.