पोलंडचा कोळसा आणि युरोपीय संघाचे हवामान-नियम

मे 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात दाखल झाला, तेव्हा त्या देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होत होती आणि सायलेशियातील खाणकामगारांच्या संघटनांना दुखावणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. त्याआधीचा क्योटो करार पोलंडला जड गेला नव्हता. 1988 च्या तुलनेत उत्सर्जन सहा टक्क्यांनी घटवायचे होते आणि साम्यवादी राजवटीनंतर अवजड उद्योग कोसळल्याने त्याहून कितीतरी मोठी घट आपोआपच झाली होती. संघाचे नियम मात्र अधिराष्ट्रीय, म्हणजे सदस्य राष्ट्रांच्या कायद्यांवर वरचढ ठरणारे होते आणि त्यांच्या पालनाबद्दल संघाचे न्यायालय सरकारला जाब विचारू शकत होते.

2005 मध्ये सुरू झालेल्या उत्सर्जन-व्यापार योजनेनुसार वीजकेंद्रांना व मोठ्या कारखान्यांना प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना जमा करावा लागतो. आरंभी परवान्यांच्या वाटपाचा आराखडा प्रत्येक राष्ट्र स्वतः करी आणि युरोपीय आयोग त्याला मान्यता देई. 2008 ते 2012 या काळासाठी पोलंडने वर्षाला सुमारे 28.5 कोटी टनांची मागणी केली, आयोगाने ती सुमारे 20.9 कोटींवर आणली आणि पोलंडने न्यायालयात धाव घेतली. आयोगाने अधिकार ओलांडल्याचा निकाल 2009 मध्ये लागला व 2012 मध्ये तो कायम झाला. परंतु 2013 पासून राष्ट्रीय आराखड्यांची पद्धतच मोडीत निघून संपूर्ण संघासाठी एकच मर्यादा आणि वीजक्षेत्रासाठी प्रामुख्याने लिलाव आल्यामुळे जिंकलेल्या खटल्याचा उपयोग उरला नाही.

पुढील वाद निर्णयपद्धतीचा होता. संघाच्या करारानुसार पर्यावरणविषयक कायदे विशेष बहुमताने संमत होतात, तर राष्ट्राच्या ऊर्जास्रोतांच्या निवडीवर लक्षणीय परिणाम करणाऱ्या उपायांना एकमत लागते. बाजारातील अतिरिक्त परवाने बाजूला काढणारी राखीव निधीची व्यवस्था 2015 मध्ये बहुमताने ठरली, तेव्हा ती दुसऱ्या प्रकारात मोडते असा दावा पोलंडने केला आणि 2018 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. नकाराधिकाराची वाट अशी अरुंद झाल्यावर वाटाघाटींत सवलती मिळवणे हेच पोलंडच्या धोरणाचे मुख्य साधन बनले. वीजकेंद्रांच्या आधुनिकीकरणासाठी मोफत परवाने आणि पुढे आधुनिकीकरण निधी ही त्याची फळे होत.

2021 च्या अखेरीस परवान्याचा भाव 80 युरोंच्या आसपास पोहोचला. त्याच वर्षी मे महिन्यात, आधीच तोट्यात चाललेल्या दगडी कोळशाच्या खाणी 2049 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार सरकार आणि कामगार संघटना यांच्यात झाला, आणि 2024 मध्ये विजेतील कोळशाचा वाटा साठ टक्क्यांच्या खाली आला. कोळसा सोडण्याचा थेट आदेश संघाने पोलंडला दिला नव्हता; त्याने कोळशाच्या धुराला किंमत लावली, लिलावाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा पोलंडच्याच तिजोरीत जाऊ दिला आणि खाणी केव्हा व कोणत्या अटींवर बंद करायच्या हा राजकीयदृष्ट्या अवघड निर्णय राष्ट्रीय सरकारवर सोपवला.