पारा आणि पाराशा

वर्गात ‘यहुदी’ शब्द निघाला की आमची मुलं पॅलेस्टाईनचं बोलतात. बोलावंही. पण मुळशीच्या या मुलांना पुण्याच्या रास्ता पेठेतले मराठी यहुदी ठाऊक नसतात. म्हणून मी त्यांना आधी पाऱ्यांची नावं विचारतो. दुसरा ‘सयकूल’, तिसावा ‘अम्म’. नाव कशावरून? सुरुवातीच्या शब्दावरून!

तोराचीही हीच रीत. तिचे ५४ भाग दर शनिवारी सिनेगॉगमध्ये क्रमाने वाचतात. भागाला हिब्रूत ‘पाराशा’ म्हणतात. (आपला ‘पारा’ फारसी आहे, नातं जोडायची घाई नको.) पहिला ‘बेरेशीत’, म्हणजे आरंभी. दुसरा ‘नोआह’, आपले हजरत नूह. पाचवा ‘हय्ये सारा’, साराचं आयुष्य. आणि उघडून पाहावं तर सुरुवातीलाच बीबी सारांच्या निधनाची हकिगत! नाव शब्दावरून पडतं, विषयावरून नव्हे.

कोकणातल्या बेने इस्राएलांकडे मात्र कित्येक पिढ्या हा ग्रंथच नव्हता. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सुंता, शनिवार, खाण्यातला हलाल-हराम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, एवढंच हाती उरलं होतं. पुढे दाविद राहाबी नावाच्या गृहस्थाने तिघांना धर्मकार्य शिकवलं, असं ते सांगतात. त्या धर्मप्रमुखांना ते म्हणत ‘काजी’! १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याचं लोकांतलं नाव ‘जुनी मशीद’.

१८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, धर्म आपलाच ठेवला. मला हा धडा इतिहासाच्या पुस्तकात हवा होता. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. गेलेला ग्रंथ असा मायबोलीच्या हाताने परत आला.

पुण्यातलं लाल देऊळ बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांचं, १८६७ चं. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो बेने इस्राएलांचं, १९२१ चं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली.

“सर, त्यांचा खत्म कधी होतो?” एका मुलाने विचारलं. सिमहत तोराच्या सणाला. शेवटची पाराशा संपली की त्याच बैठकीत पुन्हा ‘बेरेशीत’ सुरू करतात. मुलगा म्हणाला, “आपले हाफिजसाहेबही तरावीहच्या खत्माला ‘अलिफ लाम मीम’ पुन्हा पढतात की!”