शेणसड्यापासून काँक्रीटपर्यंत : नवी मुंबईतील अंगणाची निगा

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील गावांत घरापुढचे अंगण दरवर्षी नव्याने करावे लागे. दिवाळे, करावे, सारसोळे, घणसोली, गोठिवली ही आगरी-कोळी वस्तीची गावे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर तेथील संसार चालत. पावसाळ्यात अंगणाचा चिखल होई. पाऊस ओसरून भात कापणीला आले की वरची माती कुदळीने उकरायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडायचे आणि लाकडी चोपण्याने ठोकून जमीन सपाट करायची. माती फार ओली असली तर चोपण्याला चिकटते, वाळली तर बसत नाही. म्हणून वेळ साधावी लागे. मग शेणाच्या काल्याने सारवण. शेणातले बारीक तंतू माती धरून ठेवतात, त्यामुळे धूळ कमी उडते आणि भेगाही कमी पडतात. अशा खळ्यावर भाताचे भारे झोडले जात, वाळवणे घातली जात. सकाळच्या सड्याने जमीन दबलेली राही. मातीचे अंगण वर्षभरापेक्षा जास्त टिकावे, अशी अपेक्षा कोणी धरत नसे.

या मातीची जागा पुढे सिमेंटने घेतली. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले गेले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट बाहेर पडू लागले. त्याआधी मुंबई परिसरात विटांचे तुकडे आणि चुना ठोकून कोबा करत. पुढे सिमेंटच्या जमिनीलाही कोबाच म्हणू लागले. मात्र सिमेंटवर अनेक वर्षे सरकारी नियंत्रण होते. १९८२ मध्ये ते अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. सिमेंटची गोणी दुकानात सहज मिळू लागली, तो हाच काळ.

नवी मुंबईची उभारणीही याच वर्षांतली. हे शहर उभारणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. शेती गेली तसे खळ्याचे कामही संपले. अंगण राहिले, पण त्याचा उपयोग बदलला. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात अंगणालाच रचनेचा पाया मानले. सात घरे मिळून आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक, असे तीन गट मिळून बारा मीटरचा मोठा चौक. इतरत्र मात्र रो-हाउसच्या पुढच्या पट्टीवर आणि सोसायट्यांच्या आवारात वाहने उभी राहू लागली. मातीचे अंगण हे ओझे पेलणारे नव्हते, म्हणून तेथे काँक्रीट आले.

काँक्रीट एकदा घातले की काम संपले, अशी समजूत त्याबरोबर रुजली. ती खरी नाही. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून साध्या सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटवर दहा दिवस पाणी मारावे लागते. गवंडी ताज्या जमिनीवर मातीचे किंवा कच्च्या मालाचे छोटे बांध घालतात आणि त्यांत पाणी साठवतात. दिसायला ती भाताची खाचरेच वाटतात. उन्हाळ्यात ओले गोणपाट पसरून ठेवतात. या दिवसांत कसूर झाली की पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात, धूळ सुटते आणि पुढच्या कोणत्याही धुलाईने ही उणीव भरून निघत नाही.

पहिले दिवस पाणी धरून ठेवायचे आणि पुढे आयुष्यभर ते काढून द्यायचे, हा काँक्रीटच्या निगेचा गाभा आहे. त्यासाठी ढाळ गटाराकडे हवा. घोटून गुळगुळीत केलेल्या जमिनीवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि पाय घसरतो. म्हणून ओल्या काँक्रीटवर खराट्याने रेघा ओढतात किंवा सुतळी दाबून चौकोन पाडतात. शेवाळ आलेच तर काथ्याच्या ब्रशने घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून ते निघते. ॲसिड ओतण्याची सवय घातक आहे. ते डागाबरोबर सिमेंटमधला चुनाही खाते, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. गाडीचे तेल सांडले तर आधी लाकडाचा भुसा किंवा राख टाकून ते शोषून घ्यावे, मग साबणाने घासावे. जोरदार फवाऱ्याचे यंत्र एकाच जागी धरले तर वरचे कवच उडून खडी उघडी पडते.

खाडीकाठची आणखी एक अडचण म्हणजे खारी हवा आणि भरावाची जमीन. क्षार भेगेतून आत शिरले की लोखंडी सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. भराव खचला की लादी मधोमध तडकते. म्हणून मोठी जागा एकसंध न घालता तुकड्यांत घालतात आणि मधले सांधे डांबराने किंवा सीलंटने भरतात. हे सांधे वाळून सुटले आहेत का, ते दर पावसाळ्याआधी पाहून पुन्हा भरणे हे जुन्या सारवणाच्याच जागी आलेले काम होय.

अनेक आवारांत आता पेव्हर ब्लॉक दिसतात. जमीन खचली किंवा नळ फुटला तर ते उचलून पुन्हा बसवता येतात. मात्र सांध्यांतली रेती धुऊन गेली की ते डगमगतात. आवार कसलेही असो, तेथले पाणी शेवटी नाल्यात जाते. भरतीच्या पातळीखाली असलेल्या भागांसाठी सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव केले. भरती असताना पावसाचे पाणी तेथे थांबते आणि ओहोटीला खाडीत सोडले जाते. आवारातून वाहून गेलेली माती, तेल आणि सिमेंटची मळी याच वाटेने तलावात पोहोचते. त्यामुळे धुण्याआधी झाडून घेणे आणि गटाराची जाळी साफ ठेवणे, ही घरच्या जमिनीबरोबर शहराचीही निगा ठरते.