शेजारच्या देशातला विवाह कायदा आणि आपल्या विहारातले वधू-वर मेळावे

घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या वस्त्यांत समलिंगी विवाहाचा विषय काढला की दोन उत्तरे ठरलेली असतात. 'हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे' आणि 'आधी आपले आरक्षण वाचवा'. दुसऱ्या उत्तरामागची भीती आम्हाला कळते. पहिले उत्तर मात्र इतिहासाला धरून नाही.

नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २००७ रोजी, सुनील बाबू पंत यांच्या याचिकेवर, लैंगिक अल्पसंख्याकांना समान नागरिक मानले आणि समलिंगी विवाहाच्या अभ्यासासाठी समिती नेमायला सांगितले. याच निकालाचा दाखला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करताना घेतला. म्हणजे मुद्दा काठमांडूहून दिल्लीला आला. इंग्रजांनी आणले ते कलम ३७७!

शेजाऱ्याच्या कायद्यामुळे इथली चळवळ जन्मली, असेही नाही. 'बॉम्बे दोस्त' १९९० चे, हमसफर ट्रस्ट १९९४ चा. समलिंगी विवाह कायदेशीर करणारा जगातला पहिला देश नेदरलँड्स, तोही २००१ मध्ये. शेजारचा निकाल चळवळीला दाखला देतो, पुढची मागणी सुचवतो. इथला दरवाजा तो उघडत नाही.

२०२३ मध्ये हे स्पष्ट दिसले. १७ ऑक्टोबरला आपल्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. सहाच आठवड्यांनी, २९ नोव्हेंबरला, नेपाळच्या लमजुङ जिल्ह्यात पहिल्या जोडप्याची नोंदणी झाली. तिथेही सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश हातात असताना खालच्या न्यायालयांनी त्यांना परत पाठवले होते. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या आणि त्याच महिन्यात बौद्धबहुल थायलंडमध्ये विवाह कायदा लागू झाला.

मग आपल्याकडे अडते कुठे? केंद्र सरकारने न्यायालयात 'भारतीय कुटुंबव्यवस्था' पुढे केली. या व्यवस्थेच्या मुळाशी काय आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबियात वाचलेल्या निबंधात सांगितले होते: जातीतल्या जातीत लग्न. कोणी कोणाशी लग्न करायचे हे घराण्याने ठरवायचे, हा तो नियम. आंतरजातीय जोडप्याला तो जसा नको असतो, तसाच समलिंगी जोडप्यालाही.

पण आपल्याच मेळाव्यांतल्या परिचयपत्रांत अजून पोटजात विचारली जाते. तैवानमध्ये कायदा २०१९ मध्ये आला. त्याच्या सात वर्षे आधी, २०१२ मध्ये, भिक्खुणी चाओ-ह्वेइ यांनी दोन स्त्रियांचे लग्न बौद्ध पद्धतीने लावले होते. आपल्या विहारांत यावर साधी चर्चाही होत नाही.

बाबासाहेब गप्प नव्हते. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांनी वकीलपत्र घेतले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधही आले, उत्तर देणे गुन्हा कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, २०० रुपये दंड झाला.

आज लगेच करण्यासारखी एक गोष्ट आहे. विशेष विवाह कायद्यातली ३० दिवसांची नोटीस फळ्यावर लागते, नातेवाइकांना सुगावा लागतो आणि मुलीला गावी नेले जाते. २०२३ च्या याचिकांत या नोटिशीलाही आव्हान होते. ती रद्द करण्याच्या मागणीवर त्यांच्यासोबत सही करायला आपल्या मंडळांना कोणती अडचण आहे?